बारा घारी, नऊ तिरंदाज

माझा आणि माझ्या थोरल्या भावाचा लहानपणी एकमेकांवर फार जीव होता, असं आमची आई अजूनही येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते. ती आता पंचाहत्तरीची आहे, तिला बोलू द्यावं. खरं म्हणजे आमचं विळ्या-भोपळ्याचं सख्य होतं आणि त्यात भोपळा बहुतेक वेळा मीच असायचे. सुधीर माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठा. मी त्याला दादा म्हणायचे कारण तसं म्हणायची शिस्त होती. तो मला ‘नंदे’ म्हणायचा, आणि त्या एका हाकेत ऊठ, सरक, पाणी आण, तोंड बंद कर हे सगळं बसायचं. या प्रकरणात मी त्याला वाईट दाखवणार आहे. त्याला पटलं नाही तर त्याने स्वतःचं आत्मचरित्र लिहावं.

आमचं घर नालासोपाऱ्याच्या पूर्वेला, तुळिंजमध्ये. खोली, स्वयंपाकघर आणि स्वयंपाकघरात भिंत घालून काढलेली अर्धी खोली. इमारतीच्या तळमजल्यावर पिठाची गिरणी होती आणि आम्ही बरोबर तिच्या डोक्यावर. सकाळी नऊला ती सुरू झाली की आमच्या मांडणीवरचे स्टीलचे पेले एकमेकांना लागून किणकिणायला लागायचे आणि ते, दुपारची वीज जायची ती वेळ सोडली तर, थेट रात्री जेवणाच्या वेळेपर्यंत. आम्हाला त्याची इतकी सवय झाली होती, की गिरणीच्या सुट्टीच्या दिवशी, सोमवारी, आम्ही सगळे उगाच ओरडून बोलायचो आणि मग एकमेकांवर चिडायचो. पिठाचा एक पातळ थर घरातल्या प्रत्येक वस्तूवर असायचा, देवांवरसुद्धा. आई बुधवारी आणि शुक्रवारी बोंबील करायची, एरवी आमटीभात आणि सुकट. कळंबहून एक कोळीण टोपली घेऊन यायची, जिना चढून आली की धापा टाकत उंबऱ्यात बसायची आणि म्हणायची, ‘‘पानी दे गो बाय. तुमची भांडनं पार खाली रस्त्यावर आयकू येतात.’’ आई ओशाळून तिला पाणी द्यायची आणि त्या ओशाळण्यात दोन बोंबील महाग घ्यायची.

बाबा मुंबईत एका कॉलेजच्या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत लॅब असिस्टंट होते. तारा जोडणं, लंबक टांगणं, भिंगं पुसणं हे त्यांचं काम. पण त्यांची खरी ख्याती वेगळी होती. प्रॅक्टिकलच्या परीक्षेत एखाद्या पोराचा लंबकावरून गुरुत्व काढायचा प्रयोग फसला, की बाबा त्याच्या मागून जाता जाता पुटपुटायचे, ‘‘नऊशे ऐंशीच्या आसपास आण.’’ पोरगं मग उत्तरावरून उलटा हिशोब करून वाचनं, म्हणजे मोजलेले आकडे, लिहायचं आणि पास व्हायचं. तीस वर्षांत त्यांच्या लॅबमध्ये कोणी नापास झालं नाही, हे ते अभिमानाने सांगत, आणि मला वाटतं तो अभिमान खरा होता. गरिबाघरची पोरं असायची ती. घरी त्यांनी मुलांच्या जुन्या प्रयोगवह्या आणलेल्या असायच्या, ज्यांची मागची पानं कोरी असत. विज्ञान शिकलेल्या कोणालाही सांगायला नको, प्रत्येक प्रयोगाच्या दोन वह्या असतात. एक रफ, जिच्यात खाडाखोड, चहाचे डाग आणि प्रत्यक्ष दिसलेले आकडे असतात. दुसरी फेअर, जिच्यात शाईने आखलेला तक्ता, गोंडस आलेख आणि जे दिसायला हवं होतं ते असतं. गुण फेअरला मिळतात. आमच्या घरात हे ‘हात धुऊन जेवावं’ इतकं साधं सत्य होतं.

कॉम्प्युटर आला तो सुधीरच्या डिप्लोमासाठी. मेकॅनिकलला होता तो, ड्रॉइंग करायला लागतं म्हणाला. बाबांच्या ओळखीच्या एकाने सुटे भाग जुळवून दिला होता, आणि अर्ध्या खोलीत शिवणयंत्राच्या टेबलावर तो बसला. गिरणी सुरू होताना एकदम व्होल्टेज पडायचं आणि तो आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू व्हायचा. शिवाय दुपारी दोनला वीज जायची ती पाचला यायची. उरलेला वेळ सुधीरचा. तो कॉलेजात असताना चोरून वापरायचे तो माझा. त्याच्यावर मी एकटीने, एका जाड जुन्या पुस्तकावरून, छोटे छोटे प्रोग्राम लिहायला शिकले होते. त्या वर्षी मी बारावीला होते, आणि उन्हाळ्यात निकालाची वाट बघत होते. मला पुढे हेच शिकायचं होतं, आणि बाबांच्या मनात माझ्यासाठी डी.एड. होतं. ‘शाळेत चिकटलीस की आयुष्याची काळजी नाही.’ त्या टेबलापाशी बसले असताना मी घरातली कोणीतरी वेगळी असायचे, एवढंच सांगते. ते गेलं असतं तर माझ्याकडे काहीच उरलं नसतं.

खेळ सुधीरनेच आणला. कोणाच्या तरी सीडीवरून उतरवलेली सीडी, वर मार्करने काहीही लिहिलेलं नाही, आणि आतली सगळी अक्षरं रशियन. निदान आम्ही ती रशियन समजत होतो. त्या खेळाचं नाव मला आजही माहीत नाही; माझ्या मुलाने दोन-तीनदा नेटवर शोधलं, मी सांगितलेल्या वर्णनावरून, पण सापडलं नाही. चौकटींचं एक रणांगण असायचं, बुद्धिबळाच्या पटासारखं पण लांबट. दोन बाजूंना दोन सैन्यं, आळीपाळीने खेळायचं. सैन्यात तुकड्या, आणि प्रत्येक तुकडीवर संख्या: इतके अमुक, तितके तमुक. नावं वाचता येत नसल्याने आम्ही ठेवली. खांद्यापर्यंत शिंगं असलेले पायदळवाले ते शिंगाडे, धनुष्यवाले तिरंदाज, आणि मोठ्या पंखांच्या त्या घारी. तुकडीवर माऊस नेला की चार आकडे दिसायचे, आणि आकडे तेवढे आपले होते. पहिला हल्ला, दुसरा बचाव, तिसरा मार, चौथा जीव. एकाने दुसऱ्यावर घाव घातला की खाली रशियनमध्ये एक ओळ यायची आणि तिच्यात किती नुकसान झालं तो आकडा.

दोघांनी एका यंत्रावर खेळता यायचं आणि त्याला गिऱ्हाईक म्हणून मी लागायचे. पहिले सहा महिने मी प्रत्येक वेळी हरले. हरले की तो खुर्ची मागे ढकलून हात डोक्यामागे घ्यायचा. ‘‘नंदे, हे डोक्याचं काम आहे. तू बाहुल्या मांड.’’ मी अठरा वर्षांची होते, बाहुल्या कधीच्या संपल्या होत्या, पण वाक्य त्याला आवडलं होतं म्हणून तो ते वापरत राहिला. त्याची खेळायची पद्धत एकच. हल्ल्यातून बचाव वजा करायचा, जास्त असेल तर घुसायचं. उरलेलं नशीब. आकडा अपेक्षेपेक्षा वेगळा आला की म्हणायचा, ‘‘लक आहे लक.’’ मला मात्र ते पटायचं नाही. यंत्राला कसलं आलंय नशीब? आत कोणीतरी काहीतरी गुणाकार-भागाकार लिहून ठेवला असणार, मी लिहिते तसाच. तो शोधून काढायचा आणि याच्या डोक्यामागचे हात खाली आणायचे, या एका इच्छेवर मी पुढचे चार महिने जगले. ज्ञानाची ओढ वगैरे नंतरची नावं. मूळ कारण द्वेष होता आणि तो चांगला भरभक्कम होता.

बाबांनी आणलेल्या एका वहीच्या कोऱ्या पानांवर मी सुरुवात केली. बहुतेकांचा मार दोन ते चार असा पसरट असायचा, त्यात घोळ होता. घारींचा मार मात्र नेहमी तीनच, म्हणून मी घारी घेतल्या. दहा घारी, प्रत्येकीचा मार तीन, म्हणजे मूळ मार तीस. घारींचा हल्ला बारा, शिंगाड्यांचा बचाव आठ. फरक चार. घारी उडाल्या, मारलं, खाली आकडा: बेचाळीस. म्हणजे तीसवर बारा जास्त. तीसाचा दहावा भाग तीन, चार वेळा तीन बारा. एका फरकामागे मार एक दशांशाने वाढतो! मी खुर्चीतून उठून स्वयंपाकघरात गेले आणि भिजवलेल्या कणकेचा गोळा उगाच चुरत उभी राहिले. आईला सांगण्यात अर्थ नव्हता आणि न सांगता राहवत नव्हतं. ‘‘आई, एक दशांश,’’ मी म्हटलं. आई म्हणाली, ‘‘हात धुतलेस का?’’ मग बचाव जास्त असेल तर काय होतं ते पाहिलं. तिथे मार तितकाच कमी होत नाही, अर्ध्याच वेगाने कमी होतो, हे कळायला तीन आठवडे गेले. पूर्णांकापुढचं तो खेळ टाकून देतो हे कळायला आणखी एक.

पण काही आकडे बसत नव्हते. एका लढाईत एकच घाव घ्यायचा, लढाई सोडायची, पुन्हा पहिल्यापासून मांडायची, दुसरं वाचन घ्यायचं, असं मी करायचे. त्यात सगळं चोख यायचं. मात्र दोन वाजायला आले, वीज जायची वेळ झाली, की घाईघाईत मी त्याच लढाईत पुढचे घावही मोजून घ्यायचे. त्यात घोळ व्हायचा. वेगवेगळ्या लढायांतले पहिले घाव बेचाळीस, बेचाळीस, बेचाळीस, आणि मग त्याच लढाईत शिंगाड्यांनी उलट मारल्यावर उरलेल्या आठ घारींकडून तेहेतीस यायला हवेत तिथे सोळा. पूर्ण तक्त्यात असे अकरा आकडे होते, सगळे निम्मे.

एका रविवारी बाबा सुकट-भाकरी खाऊन हात पुसत माझ्या मागे येऊन उभे राहिले. मी काय करते आहे हे त्यांनी पहिल्यांदाच विचारलं, आणि मी सांगितलं. सांगताना मला लहान मुलासारखा आनंद झाला होता हे कबूल करते. त्यांनी वही घेतली, चष्मा चढवला आणि तक्ता बोटाने वरून खाली वाचला. हे अकरा आकडे कसले, म्हणाले. मी म्हटलं, दोनच्या आधी घाईत घेतलेले. ‘‘मग घाईतलीच वाचनं ती,’’ बाबा म्हणाले, ‘‘काढून टाक. आलेख बघ कसा सरळ येतो.’’ आणि खिशातलं लाल पेन काढून त्यांनी स्वतःच त्यांच्यावर एकेक आडवी रेघ मारली, हळुवार, एखाद्याच्या शर्टावरचा धागा काढावा तशी. मग म्हणाले, ‘‘आता फेअर कर.’’ त्या दुपारी बाबा माझे होते. मी फेअर केली. शाईने, पट्टीने, सुबक. अकरा आकडे नाहीतच.

त्यानंतर आठवडाभराने मला दोन गोष्टी एकाच दिवशी कळल्या. पहिली अशी, की फेअर वही मी कपाटात ठेवली होती तशी नव्हती. मी वह्या कणा आत करून ठेवते, ही कणा बाहेर करून होती. सुधीरच्या ड्रॉइंगच्या गुंडाळीत शोधलं तर एका कागदाच्या मागे माझा अख्खा तक्ता उतरवलेला. एक शब्द न विचारता, एक शब्द न सांगता. आदल्या दोन खेळांत तो मारायच्या आधी ओठ हलवून काहीतरी मोजत होता ते हेच होतं. चार महिने मी दुपारी दोनपर्यंत घड्याळाकडे बघत आकडे गोळा केले, आणि हा आयत्या बिळावर नागोबा! मी तो कागद होता तसा गुंडाळून ठेवला आणि गच्चीत कपडे वाळत घालायला गेले, कारण आईने हाक मारली होती.

दुसरी गोष्ट तिथे, ओलं पांघरूण दोरीवर झटकताना कळली. घाईतली वाचनं, बाबा म्हणाले होते. पण घाई मला होती, यंत्राला नव्हती. मी घाईत नेमकं वेगळं काय करत होते? एकच: पुढचा घाव घालताना घारींना परत मागे नेत नव्हते. त्या आधीच शिंगाड्यांच्या शेजारी उतरलेल्या असायच्या आणि तिथूनच, न हलता, मारायच्या. मी कपडे तसेच बादलीत टाकून खाली धावले. सुधीर नव्हता, वीज होती. सहा वेळा तपासलं. उडून आलेल्या घारीचा मार पूर्ण. बसल्या जागेवरून मारलं की निम्मा. फक्त उडणाऱ्यांसाठी हा नियम होता आणि बाबांनी खोडलेल्या त्या अकराच्या अकरा आकड्यांवर तो बसत होता. रफ वहीत मी तो लिहिला. फेअरमध्ये लिहिला नाही. मी त्याला फसवलं का? हो, फसवलं. चोराने नेलेल्या पेटीत दगड आहेत हे त्याला सांगायची जबाबदारी मालकाची नसते, असं मला तेव्हा वाटलं होतं आणि आजही वाटतं.

मे महिन्यात सुधीरला पुण्याला एका कारखान्यात नोकरी लागली. घरात पेढे आले, आई देवापुढे बसून रडली, आणि जेवता जेवता तो सहज म्हणाला, ‘‘कॉम्प्युटर मी घेऊन जातोय.’’ मी म्हटलं, तिथे कंपनीत असेलच की. तो म्हणाला, रूमवर लागतो. मी म्हटलं, मला लागतो. ‘‘तुला कशाला? डी.एड.ला पाटीवर शिकवतात.’’ मी ताट सारून उठले, त्याने मला बसवायला मनगट धरलं, आमटी सांडली, आणि पुढची दहा मिनिटं जे झालं ते कोळीण असती तर तिने चार गावांत सांगितलं असतं. शेवटी बाबा ओरडले, ‘‘गप्प बसा दोघं! तुमचं तुम्ही ठरवा. जे ठरेल ते ठरेल, माझ्याकडे यायचं नाही.’’ सुधीरने माझ्याकडे बघितलं आणि हसला. ‘‘चल. एक गेम. जिंकशील तर ठेव तुझ्याकडे.’’ मी बाबांना विचारलं, ‘‘बाबा, ऐकलंत ना?’’ बाबा म्हणाले, ‘‘ऐकलं.’’ आईलाही विचारलं. आईने मान हलवली. एवढी साक्ष मी मुद्दाम काढली, कारण मी या माणसांना ओळखून होते.

सोमवार निवडला, गिरणी बंद म्हणजे व्होल्टेज पडणार नाही. बाबांच्या कॉलेजला सुट्टी होती. ते पलंगावर पेपर घेऊन बसले, आई दारात शेंगा सोलत. दोघांना अगदी सारखं सैन्य घेतलं, म्हणजे नंतर कुरकुर नको. पहिला अर्धा तास मी हरत होते. सुधीर मूर्ख नव्हता, आणि माझ्याच तक्त्यावरून मोजून खेळत होता. माझी प्रत्येक चांगली खेळी तो आधी ओळखत होता. आपल्याच अक्षराने आपल्याला मारणं म्हणजे काय ते मी त्या सकाळी भोगलं. माझ्या घारी लवकर गेल्या. ‘‘एवढं कशाला उडवतेस त्यांना?’’ तो मध्येच म्हणाला होता, पण त्यामागचं कारण त्याच्या डोक्यात आलं नाही. शेवटी त्याच्याकडे बारा घारी उरल्या, त्याने राखून ठेवलेल्या. माझ्याकडे नऊ तिरंदाज, आणि लांब कोपऱ्यात काही शिंगाडे, ज्यांना पोचायला एक फेरी लागणार होती. खेळी माझी होती.

तक्ता काय सांगत होता ते मला पाठ होतं. बारा घारी, मार तीन, छत्तीस. हल्ला बारा, तिरंदाजांचा बचाव सात, फरक पाच, म्हणजे दीडपट. चोपन्न. तिरंदाज नऊ, प्रत्येकाचा जीव सहा, नऊ सक चोपन्न. बरोबर सगळे मरत होते, एकही न उरता. सुधीरनेही ते मोजलं होतं. त्याचे ओठ हलताना मी पाहिले. कोणीही शहाणा माणूस तिरंदाजांना शक्य तितकं लांब पळवेल. मी त्यांना पुढे चालवलं आणि त्याच्या घारींच्या थेट शेजारच्या चौकटीत नेऊन उभं केलं. सुधीर खो खो हसला. ‘‘बाबा, बघा, स्वतःहून तोंडात आली!’’ बाबांनी पेपर खाली केला. उडायची गरजच नव्हती. त्याने बसल्या जागेवरून क्लिक केलं आणि खुर्ची मागे ढकलून हात डोक्यामागे नेले.

सत्तावीस. चार तिरंदाज पडले, पाचवा जखमी होऊन उभा राहिला. हात डोक्यामागून खाली आले. ‘‘हे काय? हे कसं काय?’’ तो पडद्याकडे वाकला. माझे पाच तिरंदाज मारून गेले, शिंगाडे पोचले, आणि दोन फेऱ्यांत त्याच्या घारी संपल्या. त्याने त्या दोन्ही फेऱ्यांत पुन्हा तेच केलं, रागारागात, जागेवरून, निम्म्या माराने. पडद्यावर रशियनमध्ये काहीतरी मोठं आलं, तुतारीसारखा आवाज झाला. इतका आनंद मला लग्नातही झाला नाही, हे माझ्या नवऱ्याला माहीत आहे.

‘‘चीटिंग केली हिने!’’ सुधीर उठला होता. ‘‘हिच्या वहीत चोपन्न येतात. मी बघितलंय.’’ मी विचारलं, ‘‘माझी वही तू कधी बघितलीस?’’ तो आणखी जोरात ओरडायला लागला. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या मी प्रत्यक्ष ऐकल्या आहेत. मी रफ वही आणून बाबांच्या मांडीवर उघडी ठेवली, लाल रेघांचं पान, आणि नियम सांगितला. न हलता मारलं की निम्मा. हे अकरा, आणि हा आत्ताचा बारावा. बाबांनी चष्मा लावून बराच वेळ वाचलं. त्यांना कळलं. मी खात्रीने सांगते, त्यांना त्या खोलीत सगळ्यात आधी कळलं, त्यांचा चेहरा मी बघत होते. मग त्यांनी वही मिटली आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, ‘‘एका खेळाने काय ठरतं, नंदा? एखाद्या वेळी होतं असं. त्याला नोकरीच्या गावी लागणार आहे, घेऊन जाऊ दे.’’

आई म्हणाली, ‘‘अहो, ठरलं होतं ना त्यांचं?’’ बाबा म्हणाले, ‘‘तू मध्ये पडू नको.’’ आणि ती पडली नाही. बुधवारी सकाळी तिने स्वतःच्या हाताने कॉम्प्युटर गोधडीत गुंडाळला, पडद्याला पुढून उशी लावली, सुतळीने बांधला, इतक्या निगुतीने की पुण्यापर्यंत त्याला ओरखडा पडला नाही. त्या गोधडीसाठी मी आईला बाबांपेक्षाही उशिरा माफ केलं. बाबांना केलं का, ते मला सांगता येत नाही. त्यांना जाऊन नऊ वर्षं झाली. मी डी.एड. केलं, विरारच्या एका शाळेत गणित शिकवते, शिकवते बरी. मुलं घाबरतात.

जूनच्या शेवटी, दुपारच्या वेळी, पुण्याहून फोन आला. बाबा आधी बोलले, जेवण काय, पाऊस काय, मेस कशी. मग त्यांनी रिसीव्हरवर हात ठेवला. ‘‘तो तुझ्या त्या खेळाचं विचारतोय. रूमवरची मुलं त्याला हरवतात म्हणे. तो निम्म्याचा नियम नीट कसा आहे, आणि बचाव जास्त असला तर काय करायचं, सगळं सांग एकदा.’’ तक्ता उतरवलेला कागद त्याने त्याच दिवशी फाडला होता, आणि मी बाबांना नियम सांगत होते तेव्हा तो ओरडण्यात गुंग होता. मी रिसीव्हर घेतला. पलीकडे तो हसत होता, अगदी मोकळेपणाने, जणू काही झालंच नव्हतं. ‘‘बोल नंदे, लिहून घेतो.’’ मी म्हटलं, ‘‘कॉम्प्युटर परत आणून ठेव, मग सांगते.’’ तो म्हणाला, ‘‘वेडी झालीस काय? गेम आहे तो.’’ मी फोन ठेवून दिला. बाबा माझ्याशी चार दिवस बोलले नाहीत, आणि पाचव्या दिवशी बोलले ते मीठ मागायला.

तो कॉम्प्युटर कधीच भंगारात गेला. सुधीरचे केस गेले, मुलीचं लग्न झालं, दिवाळीत आम्ही एकमेकांकडे फराळ पाठवतो. मागच्या महिन्यात त्याला घर आवरताना ती सीडी सापडली. तिचा फोटो काढून त्याने घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, ‘नंदे, जावयाच्या जुन्या मशीनवर चालली! आता तरी तो फॉर्म्युला सांग.’ भाच्यांनी वर केलेले अंगठे पाठवले, आईने हात जोडले. मी लिहिलं, ‘कॉम्प्युटर परत आण, मग सांगते.’ त्याने डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसणारे तीन चेहरे पाठवले, आणि मग सगळ्या घराने पाठवले. मी गंमत केली नव्हती.